काळ्या दाण्याचा वंश

मी एक जुनी, काळ्या दाण्याची सोयाबीन आहे. मित्रांनो, पाठ ताठ करून बसा आणि मध्ये बोलू नका. माझी कहाणी मऊ नाही. माझ्या फुलाला परक्या परागाची गरज लागत नाही. त्यामुळे दर हंगामात मी मरते आणि माझ्याच दाण्यातून जशीच्या तशी पुन्हा उगवते.

देखणी मी कधीच नव्हते. दाणा बारीक, खोड वाकडे, अंगभर राठ लव. लोकांनी नाक मुरडले, टपोऱ्या पिवळ्या दाण्याचे वाण आणले आणि माझी रवानगी संशोधन केंद्राच्या शीतगृहात, एका पत्र्याच्या डब्यात झाली. मात्र एका बाबतीत माझा हात कोणी धरू शकले नाही. माझे पान खाणारी अळी पोसत नाही. ती खाते, पण ते तिच्या अंगी लागत नाही. ती खुरटते आणि कोष न विणताच मरते.

मग अळ्यांची ती धाड आली. भर दुपारी शेतातून कुरतडण्याचा करकर आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई, असे सांगतात. पिवळ्या वाणाची पाने गेली, कोवळ्या शेंगा गेल्या, उभ्या शेताच्या काड्या झाल्या. तेव्हा कुठे माझी आठवण झाली. डबा उघडला तो बाईंनी. नवे वाण घडवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांची लेक त्याच केंद्रात, शेजारच्याच खोलीत, वाणांची परीक्षा घेण्यासाठी अळ्या पाळत असे. सारे तिला ‘अळीवाली’ म्हणत आणि तिलाही ते आवडे.

त्या पिवळ्या टपोऱ्याशी माझे लग्न लागले ते चिमट्याने. बाईंनी माझी मिटलेली कळी धरली, पाकळ्या ओढून काढल्या, आतले पुंकेसर एकेक करून उपटले आणि त्या उघड्या जखमेवर परका पराग घासला. कित्येक कळ्या तिथेच गळून पडल्या. मी मात्र हूं की चूं केले नाही.

पुढे लेकरे झाली, नातवंडे झाली. प्रत्येकाच्या पानाचा तुकडा तोडून, वाटून, त्यातली जनुके यंत्रात वाचली गेली. अळीला अडवणारे माझे जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे बसले आहे, ते बाईंनी शोधून काढले. पण त्या जनुकाच्या पदराला धरून माझा बारीक दाणाही मागोमाग येई. दोघांची ताटातूट करणे हेच खरे काम होते. ज्यांच्यात ती झाली नाही, ती माझी लेकरे मुळासकट उपटली गेली आणि बांधाबाहेर ढीग करून जाळली गेली. तो धूर माझ्या अंगावरून गेला आहे.

अखेर थोड्या ओळी उरल्या. जनुक असणे वेगळे आणि ते रणात लढणे वेगळे, म्हणून शेवटची परीक्षा ठरली. केंद्राच्या साहेबांनी बाईंना स्पष्टच सांगितले, “या हंगामात एक तरी ओळ टिकली पाहिजे. नाही तर हे काम बंद आणि शीतगृहातली ती फळी रिकामी करा. नुसती जागा अडलीय.”

त्या फळीवर मी होते, मित्रांनो.

जाळीघरात आम्हां सर्वांना पेरले. कडेला मी, पलीकडे माझा पिवळा नवरा, मध्ये आमची नातवंडे. शेंगांत दाणा भरू लागताच, परीक्षा कडक व्हावी म्हणून बाईंनी पाणी तोडले. जमीन भेगाळली, पाने मिटली. आणि मग लेक डबे घेऊन आत आली.

“उपाशी ठेवल्यास ना गं?” बाईंनी विचारले.

“सकाळपासून काही दिलं नाही. आई, तू बाहेर थांब. तुला बघवणार नाही.”

“तुला जन्म दिलाय मी, या किड्यांना काय घाबरते! सोड त्यांना.”

लेकीने डबे उलटे केले.

त्यानंतर झाली ती निव्वळ कत्तल. अळ्यांनी माझ्या नवऱ्याला शिरांपर्यंत सोलले. पानांची जाळी झाली, मग जाळीही उरली नाही. नातवंडे एकामागून एक उघडी पडली. मलाही त्यांनी ओरबाडले. पण माझ्यावर चढलेली प्रत्येक अळी खुरटून मेली. मला तिची कीव आली नाही.

मधली एक ओळ बाईंची फार लाडकी होती. भरघोस, सरळ, टपोऱ्या दाण्याची. तिला त्या ‘राणी’ म्हणत. राणीची पाने कुरतडली जाऊ लागली आणि बाईंचा धीर सुटला. सगळे जेवायला गेले असता त्या हातपंप घेऊन आत आल्या आणि फक्त राणीवर औषध फवारले. “एवढी एकच,” त्या पुटपुटल्या. मी पाहत होते. बोलता आले असते, तर मी त्यांना तिथल्या तिथे झापले असते.

पाहणीच्या सकाळी साहेब आले. उजाड जाळीघरात राणी एकटी हिरवीगार उभी होती.

“वा! जिंकलात की बाई!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

लेक मात्र गुडघ्यांवर बसली होती. तिने राणीच्या बुंध्याखालची माती ओंजळीत घेतली. त्यात मेलेल्या अळ्या होत्या. गलेलठ्ठ, काळ्या पडून वेटोळ्या झालेल्या.

“आई,” ती हळूच म्हणाली, “या खुरटून मेलेल्या नाहीत. पोट भरून मेल्यात.”

बाईंनी लेकीच्या ओंजळीकडे पाहिले, मग साहेबांकडे.

“औषध मारलं मी. मीच.”

“अहो, पण आता इतकं सुंदर पीक...”

“हे शेतात गेलं, तर पहिल्याच धाडीला शेतकऱ्याचं वाटोळं होईल!” असे म्हणून बाई वाकल्या आणि राणीचे पहिले रोप दोन्ही हातांनी उपटले. मग दुसरे. मुळे तुटल्याचा आवाज येत होता, शेंगा पायांखाली फुटत होत्या, तळहात सोलून निघाले होते. लेक पुढे झाली, तर त्या गरजल्या, “सरक तिकडे! माझं मी निस्तरते.”

ओळ संपली तेव्हा साहेबांनी विचारले, “मग आता उरलं काय?”

लेक केव्हाच माझ्या शेजारच्या, एका नातवंडाच्या ओळीपाशी गेली होती. तिथली रोपे ठेंगणी होती. पाने चाळणीसारखी झालेली, म्हणून कोणी त्यांच्याकडे वळून पाहिले नव्हते. पण त्यांच्यावरच्या अळ्या बारीक, सुकलेल्या होत्या. लेकीने एक शेंग फोडून आईच्या रक्ताळलेल्या तळहातावर दाणे ठेवले. टपोरे, पिवळे, भरलेले.

“हिच्या अंगावर थेंबही पडलेला नाही ना, आई?”

“नाही गं, देवाशपथ. हिच्याकडे बघितलंच नव्हतं मी.”

मित्रांनो, ती ओळ आज शेतोशेती उभी आहे. तिच्यावर माझे नाव नाही. दाणा नवऱ्याचा, हाड माझे. शीतगृहातली माझी फळी मात्र शाबूत आहे. तुम्हांला माझे एकच सांगणे आहे, आणि ते विनंती म्हणून नव्हे. जुन्याला फेकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहा. आणि ज्याला जपायचे, त्याला खोटे जिंकवू नका.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. काही वर्षांआड लेक मला डब्यातून काढून पेरते. बी जिवंत राहावे म्हणून आणि अंगातला जोर तपासावा म्हणूनही. पाने फुटली की ती अळ्यांचा डबा घेऊन येते आणि माझ्यापाशी वाकून म्हणते, “आजी, पाहुण्या आल्यात बरं का.”

येऊ द्या.