आधी दर्शन, मग दर्या

या, जरा जवळ सरका. बुवा अजून चहा घेताहेत, तबल्यावर हातोडी पडते आहे, कीर्तन उभं राहायला अर्धा तास सहज जाईल. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, इथलीच, काळाचौकीतली. त्या समोर दिसते ना मंडळाची खोली, तिथे माघातल्या एका रविवारी सकाळी घडलेली.

"वाचू का?" मीराबाईंनी विचारलं.

हातात वहीचा एक रेघी कागद, नाकावर चष्मा. आम्ही दहाबारा जण सतरंजीवर. मंडळाची मालवण-कोल्हापूर सहल ठरत होती, आणि समुद्राखाली उतरणाऱ्यांचा बेत यंदा मीराबाईंनी आखून आणला होता. बावन्न वर्षांची बाई! परळच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स, एकट्या राहणाऱ्या, आणि महिन्यापूर्वीच डायव्हिंगचं कार्ड मिळवलेलं. सगळ्यांना भारी कौतुक.

"वाचा की, काकी," हितेंद्र म्हणाला. हितेंद्र म्हणजे मंडळाचा सहलवाला. गाड्या, बोटी, राहणं, जेवण, सगळं तोच बघतो. स्वतः जुना डायव्हर. हसरा माणूस, चाळीत कुणाच्या घरी काही अडलं की पहिला धावणारा.

"शनिवार. सकाळी साडेसातला पहिली डुबकी, चोवीस मीटर. दहाला दुसरी, वीस मीटर. बाराला जेवण. एकला निघायचं, साडेतीनला फोंडाघाट, साडेसहाला कोल्हापूर. अंबाबाईची संध्याकाळची आरती."

"वा! एका दिवसात दोन्ही. दर्या पण, देवी पण," आमचे अध्यक्ष कुशाबा म्हणाले.

हितेंद्रच्या हातातला कप बशीवर टेकला तो वाजलाच.

"काकी, संध्याकाळी देवळात गर्दी असते."

"शुक्रवारी असते. म्हणून तर शनिवार घेतला."

"माणसं दमतील हो."

"गाडीत झोपतील."

"घाटातला रस्ता..."

"अरे, गेल्याच महिन्यात मी आलोय त्या रस्त्याने," कुशाबा मध्येच म्हणाले. "लोण्यासारखा आहे. तू कशाला टेन्शन घेतोस?"

हितेंद्रने कपाळ पुसलं. माघ महिना, सकाळचे दहा, आणि माणसाला घाम. "आपण नेहमीसारखंच करू ना, काकी. आधी कोल्हापूर, मग मालवण. आधी देव, मग मौज."

"नेहमीसारखं?" मीराबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "पूर्वी तर आधी मालवण असायचं. सहा वर्षं झाली, तू उलटं केलंस. का उलटं केलंस, एवढं सांग. हा कागद इथेच फाडते."

आता मागचं सांगायला हवं, नाहीतर या कागदाची धार तुम्हाला कळायची नाही.

मीराबाईंना एकच मुलगा, अर्णव. नवरा लवकर गेलेला. मुलगा कुरिअर कंपनीत कामाला, गळ्यात तुळशीची माळ, आणि आपल्या याच देवळात बुवांच्या मागे टाळ धरायला उभा. बुवा पद उचलायच्या आधी याच्या टाळाला ते कळायचं, असा त्याचा कान. हितेंद्रच्या नादाने त्याने डायव्हिंग शिकून घेतलं. सहा वर्षांपूर्वी, कार्ड हातात पडून पंधरा दिवस झाले नव्हते, हितेंद्रबरोबर मालवणला गेला. सकाळी दोन डुबक्या, दुपारी गाडी कोल्हापूरच्या वाटेला. फोंडाघाट चढताना त्याचे पाय बधिर झाले, श्वास लागला. हितेंद्र म्हणाला, गाडी लागली असेल, खिडकी उघड. कोल्हापुरात उतरवलं तेव्हा त्याला उभं राहता येईना. दुसऱ्या दिवशी मीराबाई पोचल्या, तर मुलगा विचारतोय, "आई, माझे पाय कुठे आहेत गं?" तिसऱ्या दिवशी संपलं.

रक्तात हवेचे बुडबुडे झाले, असं कागदावर आलं. पण चाळ कागद वाचत नाही, चाळ तोंडं वाचते. आणि हितेंद्रच्या तोंडून आलं की पोरगा आदल्या रात्री प्यायला होता, तसाच पाण्यात उतरला, त्याने झालं.

माळकरी पोरगा. बोला आता!

आपल्या मंडळाची रीत ठाऊक आहे ना? गणपती बसतो त्या संध्याकाळी, पहिल्या आरतीआधी, गेलेल्या कार्यकर्त्यांची नावं पुकारतात. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या गिरणीतल्या जॉबरचंसुद्धा नाव येतं. त्या वर्षी अर्णवचं आलं नाही. 'दारू पिऊन गेलेल्याचं देवापुढे कसं घ्यायचं,' असं कुणीतरी म्हणालं. बाकीचे गप्प बसलो. मीही गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. मीराबाई मंडपात उभ्या होत्या. शेवटचं नाव झालं, टाळ्या सुरू झाल्या, तशा त्या वळून घरी गेल्या. पुढे आरतीला कधी आल्या नाहीत.

"माझो झील थेंबाक शिवलो नाय कधी," एवढंच मुलाबद्दल एकदा आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. रडल्या नाहीत. मला तेव्हाच भीती वाटली होती.

पन्नाशीत त्या पोहायला शिकल्या. दादरच्या तलावावर पहाटे जायच्या, ड्यूटीच्या आधी. चाळीत थट्टा झाली. "काय काकी, ऑलिम्पिक काय?" त्या म्हणायच्या, "पोरगा कुठे गेला होता ते बघायचंय." त्यांना खरंच तेवढंच हवं होतं तेव्हा. पुढे दादरलाच एका दुकानाच्या माडीवर विल्मा नावाच्या गिरगावच्या बाईंचा वर्ग होता, तिथे नाव घातलं. पहिल्या दिवशी बघतात तर शेजारच्या खुर्चीवर हितेंद्रची मुलगी! अपेक्षा, वीस वर्षांची.

"काकी, तुम्ही? भारी! आपण दोघी बडी होऊ या ना, प्लीज."

पाण्याखाली एकट्याने उतरायचं नसतं. प्रत्येकाला जोडीदार लागतो, एकमेकांची नळी, हवा, पट्टे तपासायला. मीराबाई उठून जाणार होत्या. बसल्या. त्या पोरीने मग तलावात त्यांचा हात धरला, नाकात पाणी गेलं तेव्हा पाठ चोळली, "घाबरू नका, मी आहे ना," म्हणाली. आपल्या आईला म्हणावं तसं.

वर्गाच्या दुसऱ्याच आठवड्यात विल्माबाईंनी फळ्यावर लिहिलं: डुबकीनंतर अठरा तास विमान नाही, घाट नाही, डोंगर नाही. वर गेलं की हवा विरळ होते, अंगात राहिलेल्या वायूचे बुडबुडे होतात. नव्या माणसाने अठरा मीटरच्या खाली जायचं नाही, हेही तिथेच. परीक्षेत यावर प्रश्न येतोच, म्हणाल्या, ज्याच्याकडे कार्ड आहे त्याने हे उत्तर लिहिलेलंच असतं.

म्हणजे हितेंद्रनेही लिहिलेलं.

घरी येऊन त्यांनी अर्णवचा जुना फोन चार्जिंगला लावला. हितेंद्रचा मेसेज तसाच होता. तासांसकट, मीटरांसकट. खाली लिहिलेलं, 'अर्ण्या, प्लॅन फायनल.'

आणि थोड्या दिवसांनी पोरगी सहज बोलून गेली, "बाबा ना, आता कायम आधी कोल्हापूर करतात. का कोण जाणे! मी किती वेळा म्हटलं आधी मालवण करा, तर ओरडतात."

मीराबाईंनी तिला डब्यातला नारळीपाक दिला. आणखी एक वडी घे, म्हणाल्या.

तर आता परत खोलीत चला. हितेंद्रने कागद आपल्या पुढ्यात ओढून घेतलेला. कुशाबा गोंधळलेले. "हो रे, खरंच, पूर्वी आपण मालवणच आधी करायचो. का बदललंस?"

तेवढ्यात अपेक्षा आली, क्लासवरून थेट, खांद्याला बॅग. "सॉरी सॉरी, काकी, तुम्ही वेळेवर ये म्हणालात, पण बस मिळाली नाही. झालं का ठरवून?" बापाच्या पुढ्यातला कागद तिने उचलला. वाचता वाचता हसायला लागली.

"काकी, तुम्ही गंमत करताय ना? चोवीस मीटर, आणि दुपारी घाट? विल्मा मॅम मारतील आपल्याला! बाबा, तुम्ही बोलला नाहीत काही? माणूस मरेल असा प्लॅन आहे हा. कोणी केला?"

मीराबाईंनी फोन तिच्या हातात दिला. कोपऱ्यातून तडकलेली काच, जुना फोन. "माझा नाही गं. मी नुसता उतरवून घेतला. बघ कोणाचा आहे."

पोरीने वाचलं. तारीख बघितली. वरचं नाव बघितलं. मी तेव्हा तिच्याकडे बघत होतो. नसतो बघत तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"थोडासाच घाट आहे, असं वाटलं," हितेंद्र सतरंजीकडे बघत म्हणाला. "आरती चुकेल म्हणून... मी आधी एकदा गेलो होतो तसाच, मला काही झालं नव्हतं."

"आणि दारू?" मीराबाई. आवाज चढलेला नाही, इस्पितळात औषधाची वेळ सांगावी तसा. "बोल. पिऊन उतरला होता माझा मुलगा?"

"नाही."

"कुशाबांना कमी ऐकू येतं."

"नाही! थेंबसुद्धा नाही. मी घाबरलो, काकी. मला वाटलं मला धरतील. एकदा बोललो, मग मागे घेता येईना." तो हात जोडून पुढे सरकला, त्यांच्या पायांपर्यंत वाकला. मीराबाईंनी पाय आखडून घेतले.

"माफी माझ्याकडे मागू नकोस. तो तुला दादा म्हणायचा. पोलिसांतही मी जात नाही. गणपतीला त्याचं नाव घ्यायचं. आणि तू घ्यायचंस, दुसऱ्या कुणी नाही. यंदा, पुढच्या वर्षी, दर वर्षी. तू जिवंत आहेस तोवर. मी समोर उभी असेन."

कुशाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्ही सगळेच गप्प होतो. तसे आम्ही पहिल्यापासूनच गप्प.

भाद्रपदात तसंच झालं. हितेंद्र माइकपाशी आला, बावीस नावं सलग म्हणाला, तेविसावं ओठांतल्या ओठांत पुटपुटला. मंडप थांबला. मीराबाई पहिल्या रांगेत, हात बांधून, डोळे त्याच्यावर. त्या म्हणाल्या, "मोठ्याने." त्याने नाव घेतलं. सहा वर्षांनी त्या आरतीला थांबल्या, प्रसाद घेतला, आणि सरळ घरी गेल्या. सूड पुरा झाला म्हणावा, असा पुरा झाला.

फक्त अपेक्षा मंडपात नव्हती. त्या रविवारनंतर आठ दिवसांत तिने घर सोडलं. पुण्याला कुठेतरी राहते, बापाचा फोन घेत नाही. आईचाही घेत नाही, त्या बाईचा तर काही दोष नव्हता. जाण्याआधी मीराबाईंच्या दाराखालून तिने आपलं डायव्हिंगचं कार्ड सरकवून ठेवलं. सोबत चिठ्ठी नाही. काय लिहिणार होती? जिचा पाण्याखाली हात धरला, तिनेच आपल्याला आणून त्या सतरंजीवर उभं केलं, हे तिला कळलं असणार. शहाणी पोरगी.

परवा मीराबाईंकडे गेलो होतो. भिंतीवर अर्णवचा फोटो, त्याला ताजा हार, आणि शेजारी खिळ्याला एक कागद टोचलेला. नवा बेत, त्यांच्याच अक्षरात. पहिल्या दिवशी कोल्हापूर, दर्शन. दुसऱ्या दिवशी घाट उतरून मालवण, मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी डुबकी, बारा मीटर. सगळं नियमाप्रमाणे. तारखेची जागा रिकामी. 'जोडीदार' लिहिलंय, त्याच्यापुढची जागाही रिकामी.

"कधी जाणार, काकी?" मी विचारलं.

"एकटीला सोडत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. मग आतूनच म्हणाल्या, "ती हात फार घट्ट धरायची रे."

हं, बुवा उठले. तबला लागला वाटतं. आता गजर होईल, तुम्ही डोळे मिटाल. अर्णवचं नाव घ्या असं मी सांगणार नाही. त्याचं नाव आता देवापुढे माइकवरून घेतलं जातं. तुम्ही अपेक्षाची आठवण करा. तिचं नाव या गल्लीत कुणी घेत नाही, आणि तिने कुणाचं काही केलं नव्हतं.