उंबऱ्यावरची मॅट

केवलरामने कोंबड्यांच्या शेडमध्ये जायला बुटाचा पाय उचलला, तेवढ्यात अल्काने हातातला खराटा दारात आडवा धरला.

"काका, ओलांडू नका. पाय मॅटवर ठेवा, मंग या."

केवलरामचा पाय हवेतच राहिला. जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, या नातवापुढे गावात आजवर खराटे बाजूला होत आले होते, धरणारे हातही बाजूला होत आले होते. त्याने पाय मागे घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या नव्या जावयाकडे पाहून उगाच हसला.

दारात निळ्या रबराच्या दोन मॅट टोकाला टोक लावून ठेवल्या होत्या. आतल्या स्पंजात जंतू मारायचं दुधाळ औषध मुरलेलं होतं. अल्काने आधी एकच आणली होती, गोंदियाहून, स्कुटीवर पायांशी उभी धरून. पण ती ठेवली उंबऱ्याला लागून आणि तिथेच फसली. उंबऱ्यावर पाय देऊ नये, हे गावात पोराला चालता येण्याआधीच कळतं. जो येई तो मॅटही उंबऱ्यासारखी ओलांडून आत जाई आणि वर विचारी, "बरोबर ना?" सगळ्यांत वाईट खोड सासूची. अन्नपूर्णाबाई लुगडं वर धरून अशी उडी मारायच्या की सत्तरीची बाई कोणी म्हणू नये. शेवटी अल्काने दुसरी मॅट आणली. आता बगळ्यालाही ओलांडता आल्या नसत्या.

"जवायाले गावरानी कोंबडा पाहिजे," केवलराम म्हणाला. "मी सोता निवडीन."

"मी बाहेर आनून देते. पायजे तेवढे दाखवते."

"काऊन? आत काय सोनं पुरून ठेवलं हाये?"

"तुमी कोंबड्यायच्या झुंजीवरून आले ना? बुटाले पीस चिकटलं हाये, पाहा."

पीस होतंच. लालसर, ओलं. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात एका शेडमधली एकूण एक कोंबडी रोगाने मेली होती. खड्डा खणून, चुना टाकून पुरावी लागली होती. अल्काच्या शेडमध्ये दिव्याखाली पिल्लं चिवचिवत होती. त्यांच्यासाठी ती महिनाभर धड झोपली नव्हती आणि आता एका बुटापायी त्यांना मातीत घालायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"अस्सं," केवलराम म्हणाला. "म्हन्जे आता आमचा इटाळ होते तुमाले?"

त्याच्या घरात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता, पण असा उलटा फिरून आलेला त्याने कधी ऐकला नव्हता. बोलून झाल्यावर तोच जरा गडबडला.

जावई बिचारा साधा, रायपूरचा. तो म्हणाला, "मामाजी, रख देते हैं पैर. दो सेकंड का काम है."

केवलरामने त्याचं कोपर धरलं. "जवाईबापू, थांबा. ह्यायच्या दारात?"

"काल तं तुमीच त्याह्यचे पाय धुतले, ताटात घेऊन," अल्का म्हणाली. "आज माया मॅटनं धुतले तं काय बिघडते?"

जावयाने हसू लपवायला तोंड फिरवलं. केवलरामचं हसू मात्र गेलं.

"तुयी दान्याची गाडी कोनाच्या बांधीतून येऊन राहिली, मालूम हाये ना?"

मालूम होतं. केवलरामच्या धानशेतातून येणाऱ्या वाटेखेरीज शेडला दुसरी वाट नव्हती. खराटा मात्र अल्काने खाली केला नाही.

आवाज ऐकून अन्नपूर्णाबाई तणसाच्या ढिगामागून धावत आल्या. पदर डोक्यावर ओढला, हात जोडले.

"मालक, पोरगी हाये, तिले समजत नाई. तुमी या." आणि त्या खाली वाकून मॅट गुंडाळायला लागल्या.

"माय, सोड ते!" अल्का ओरडली.

"तू चूप राह्य. वाट बंद झाली तं काय खाऊ घालशीन पिल्लायले?"

केवलराम आता खुलला. "पाहा. अन्नपूर्णीले समजते. आमच्या घरी जल्मभर काम केलं, पन आमच्या उंबऱ्याले कधी पाय नाई लागू देला. पानी पेली तं आंगनात बसून, वरून ओतलेलं. असं वळन पायजे मानसाले."

अन्नपूर्णाबाईंचा हात थांबला. बोटांवरून औषधाचे थेंब खाली टपकत होते. त्यांनी मॅटचं टोक सोडून दिलं, हाताने सरळ केलं. मग उठल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मॅटवर उभ्या राहिल्या, दोन्ही पाय रोवून, दार भरून. अनवाणी टाचांच्या भेगांत औषध शिरलं तसा त्यांचा ओठ दाताखाली गेला.

"केवलराम," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून अल्काने त्यांच्या तोंडून 'मालक' याखेरीज काही ऐकलं नव्हतं.

"तो उंबरा तुया होता. हा आमचा हाये. पाय ठेवतं तं ठेव, नाई तं जाय."

केवलराम गेला. जावई दोनदा मागे वळून पाहत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, आडव्या पडल्या होत्या. दाण्याची गाडी डांबरी सडकेवरच थांबून हॉर्न वाजवत होती. अल्का आणि अन्नपूर्णाबाईंनी पोती अर्धी अर्धी केली, डोक्यावर घेतली आणि धानाची रोवणी झालेल्या बांध्यांमधल्या धुऱ्याच्या अरुंद बांधावरून निघाल्या. धुरा एका माणसापुरताच. समोरून केवलराम येत होता, काट्या नीट पडल्यात का ते बघायला.

आजवर अशा वेळी अन्नपूर्णाबाई चिखलात उतरून, पदर ओढून उभ्या राहत. अल्का मागून बघत होती. अन्नपूर्णाबाईंचा पाय अडला नाही. डोक्यावरचं पोतं आलं तसं येत राहिलं. अगदी जवळ आल्यावर केवलरामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बुटांसकट बांधीत उतरला. चिखल त्याच्या पोटरीपर्यंत आला.

शेडच्या दारात पोतं उतरवून अन्नपूर्णाबाई न सांगता मॅटवर उभ्या राहिल्या.

"झोंबून राह्यलं का, माय?"

"झोंबते तं." त्यांनी दुसरा पायही नीट दाबून भिजवला आणि धुऱ्याकडे पाहिलं. "पन आज त्यालेबी पाय धुवाच लागतीन."