शेगडीच्या पोटातली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. गॅस आल्यापासून तुम्ही मला विसरलात, पण बोलताना आगीवाचून तुमचं पान हलत नाही. भूक लागली की पोटात आग पडते, राग आला की तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि दोन घरांचं बिनसलं की त्यांच्यात विस्तव जात नाही. खरा निखारा दाखवा म्हटलं तर मात्र मोबाईल काढता!

माझा जन्म कोपरगावचा. नूरुद्दीनचाचा लोहारांनी साखर कारखान्याच्या भंगारातला जाड पत्रा ठोकून मला घडवलं. आत जाळी बसवली आणि पोटाला खाली चौकोनी खिडकी कापली. पुणतांब्याची चांगुणा मला घ्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "बाई, ही खिडकी कधी बुजवू नका. आगीलाबी श्वास लागतो."

चांगुणाची लेक दिशा जन्मली तेव्हा मी पहिल्यांदा पेटले. मला बाजेखाली ठेवायचं, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, की आई आणि बाळ उबेत निवांत. धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जाई. पुढे आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीने मला मागून नेलं. "चांगुणाची शेगडी लई गुणाची," असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचे.

मग कौलं गेली, स्लॅब आला, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. फुटक्या बादलीखाली मी एका अंगावर पडून होते. पोटात उंदराने चिंध्या भरल्या. कोणीतरी पुन्हा पेटवावं, एवढीच आस होती. अडगळीत पडलेल्या माणसालाही असंच वाटत असेल.

यंदाच्या हिवाळ्यात दिशा बाळंतपणाला माहेरी आली. ती शाळेत शिकवते. बाळ झालं, तसं चांगुणाने मला खाली काढलं, राखेने लख्ख घासलं. "बाळंतपनात कौलांतनं गार वारं लागून माझं अंग धरलं हुतं. माझ्या लेकीला तसं न्हाई होऊ द्यायची," म्हणत तिने खोलीच्या खिडकीची काच सरकवून लावली, फटीत गोधडी कोंबली आणि दाराखाली पोतं लावलं. बाजेखाली मी लालबुंद झाले. मला वाटलं, जुने दिवस परत आले.

वर दिशा तान्ह्याला गोष्ट सांगत होती. "ग्रीक लोकांचा एक प्रोमिथिअस होता. माणसं थंडीने कुडकुडत होती, म्हणून त्याने देवांच्या घरचा विस्तव चोरला. कशात लपवला सांगू? बडीशेपेच्या जातीच्या झाडाच्या पोकळ दांड्यात!" मी हरखले. तिकडेही विस्तवाला शेपेचीच सोबत! "मग देवांचा राजा चिडला. त्यांच्या लोहारदेवाला म्हणाला, याला कड्यावर साखळदंडाने..." इथे ती अडखळली. "आई, डोकं फार दुखतंय," असं पुटपुटली, पण ते दारापलीकडे गेलंच नाही. गोष्ट तिथेच थांबली. बाळाची चुळबुळही थांबली.

मग मला कळलं. माझ्या पोटाला खिडकी होती, पण खोलीची खिडकी बुजली होती. कोळशाचा एक विषारी वायू असतो, त्याला ना रंग, ना वास. तो पूर्वी कौलांतून जायचा, आता आत कोंडला होता, आणि तो सोडत होते मीच. विझावं म्हटलं तर विझता येईना, ओरडावं तर आवाज नाही. प्रोमिथिअसला निदान साखळदंड तरी होते.

बाहेर चांगुणा म्हणाली, "निजली वाटतं. निजू दे पोरीला."

इतक्यात शेजारची मुमताज ऊददाणी घेऊन आली. गुरुवार, म्हणजे तिची जुम्मेरात होती, तिला ऊद घालायचा होता. "चांगुणामावशी, दोन निखारे द्या ना. आता तुमच्याशिवाय कोनाच्या घरी विस्तवच न्हाई."

"बाळंतिणीच्या खोलीतला इस्तू भाईर देत न्हाईत गं."

"बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणून ती वळली. तिच्या चपलांचा आवाज लांब जाऊ लागला आणि माझा धीर सुटला.

"थांब गं!" चांगुणाने हाक मारली. "दिशाच्या वक्ताला पावसानं माझं सरपन भिजलं, तवा ह्या शेगडीत पयला इस्तू तुझ्या सासूनंच आनून घातला. आन मी तुला न्हाई म्हनू व्हय?"

दार उघडलं. "दिशा... ए दिशा?" हलवलं तरी दिशा उठेना. चांगुणाने हंबरडा फोडला. मुमताजने ऊददाणी टाकून बाळ उचललं, चांगुणाने लेकीला ओढत अंगणात आणलं. गार वारं लागलं आणि आधी बाळ रडलं. तसं गोड मी आजवर काही ऐकलं नव्हतं. दोघींनी मिळून मायलेकरांना टेम्पोत घातलं, दवाखान्यात प्राणवायू लावला आणि दोन्ही जीव वाचले.

घरी परतल्यावर चांगुणाने मला भंगारात देण्यासाठी दाराबाहेर भिरकावलं. तिचा राग खरं तर स्वतःवरच होता. दिशा म्हणाली, "आई, शेगडीने तिचं कामच केलं. श्वास आपण कोंडला." मग तिने बाळाला राहिलेली गोष्ट सांगितली. शेवटी एकाने येऊन प्रोमिथिअसला सोडवलं म्हणे. आमच्याकडे ऊददाणी घेऊन मुमताज आली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पेटवा, पण उघड्यावर. बंद खोलीत मला कितीही मायेने नेलं, तरी मी वैरीणच.

आता मी अंगणात असते आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवते. जुम्मेरातीला दोन निखारे मुमताजकडे जातात. रोज सकाळी चांगुणा मला पेटवते आणि लगेच आत जाऊन खोलीची खिडकी उघडते. मी बाहेर असले तरी उघडते.