एकशे बारा नंबरचा रद्द फॉर्म

मी एक फॉर्म बोलतोय. नंबर एकशे बारा. परळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. पोटात अठरा प्रश्न. एकाच पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आपसात किती ताळमेळ ठेवतात, हे मोजायला मला धाडलं होतं.

पाहणीसाठी घरोघरी फिरणाऱ्या नूपुर नावाच्या मुलीने मला लालबागच्या एका चाळीत, रमाकांत परब यांच्याकडे नेलं. दार त्यांच्या बायकोने, रमाबाईंनी उघडलं.

"ते गेले गो बाय. वीस दिवस झाले."

नूपुर परत फिरू लागली, तर त्यांनी तिचा हात धरला. "माका विचार. त्यांचे सगळे कागद मीच सांभाळायचे."

सहा प्रश्न सरळ गेले. सातवा होता: एका डॉक्टरांनी दिलेली औषधं दुसऱ्या डॉक्टरांना माहीत होती का?

रमाबाई सांगू लागल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दुखण्याची दिली. दोन्ही पोटात गेल्या आणि चौथ्या दिवशी आतल्या आत रक्त वाहू लागलं.

"गुडघ्याच्या डॉक्टरांपुढे मी हृदयाच्या गोळ्यांचा जुना कागद काढत होते. डॉक्टर म्हणाले, फक्त गुडघ्याचं बोला. माझा हात पिशवीतच राहिला. अजून तिथेच आहे असं वाटतं. भाजी चिरताना, देवापुढे बसताना..."

"आजी, विचारणं त्यांचं काम होतं."

"ता खरा. पण हात माझोच होतो ना?"

नूपुरने 'नाही'वर खूण केली. पेन इतकं रुतलं की मागचं पानही दुखलं.

ऑफिसात पाहणीचे प्रमुख हितेंद्रसरांनी मला चाळलं. "पेशंट हयात नाही? मग रद्द. उत्तर पेशंटचंच लागतं."

"सर, ताळमेळ नव्हता म्हणूनच तर ते गेले!"

"नियम आहे, नूपुर." लाल रेघ मारताना सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल लागला. शंभरात एक्याण्णव पेशंट म्हणाले, डॉक्टरांत ताळमेळ आहे. त्यात रमाकांत नाहीत.

नूपुरने मला रद्दीत जाऊ दिलं नाही, कपाटात ठेवलं. माझ्याखाली आणखी दहा रद्द फॉर्म आहेत. दार लागलं की कुणाची बायको, कुणाचा बाप खालून पुटपुटू लागतो. कधी वाटतं, अंधारात रमाकांत स्वतः उभे आहेत, आपल्याला कुणी विचारील म्हणून.

पुन्हा मोजायला निघाल, माणसांनो, तेव्हा आधी हे कपाट उघडा.