नावं बदलली तरी

दुपारी सव्वातीनला निवड समितीच्या खोलीचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. बाकावर बसलेल्या बायकोकडे न बघता तो आधी पाणी प्यायला. जागा त्याला मिळाली, हे तिला त्यावरूनच कळलं.

गणिताच्या प्राध्यापकाची जागा एक, अर्जदार ही नवराबायको दोघं, आणि शोधनिबंधही एकच, दोघांच्या नावाचा. त्यातली कल्पना अशी: अवकाशाचे जेवढे आकार संभवतात, त्या सगळ्यांचा मिळून एक मोठा अवकाश मानायचा. बिंदूंना दिलेली नावं बदलल्याने आकार बदलत नाही, म्हणून तेवढाच फरक असलेले आकार एकच धरायचे. घरात भांडी कोणी घासायची, यावरही हेच वाक्य चालायचं: नावं बदलली तरी आकार तोच.

सकाळी चहा गाळताना तिला सिद्धतेतलं भोक दिसलं होतं. काही आकार इतके सममित असतात की नावं बदलूनही ते जागचे हलत नाहीत. तिथे त्या मोठ्या अवकाशाला टोकं येतात, आणि या दोघांनी तो सगळीकडे गुळगुळीत धरला होता. एक बिंदू खुंटी ठोकून पक्का केला, त्याचं नाव बदलूच दिलं नाही, तर टोकं जातील, असं ती त्याला म्हणाली. तपासायला वेळ नव्हता. म्हणून त्याच्याआधी झालेल्या तिच्या मुलाखतीत तिने फक्त भोक सांगितलं.

"मलाही तेच विचारलं," तो म्हणाला. "मी खुंटीचं सांगितलं."

"माझं म्हणून?"

"आपलं म्हणून."

"तपासलं होतंस?"

"तू म्हणालीस म्हणजे बरोबरच असणार ना." त्याने कागदी पेला चुरगळला. "अगं, नोकरी तुला काय, मला काय. नावं बदलली तरी..."

"मग बदलून घेऊ या?"

तो हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. खुंटी दुसऱ्या बिंदूवर ठोकून पाहिली. उत्तर बदललं. तिसऱ्यावर ठोकली. पुन्हा बदललं. दुरुस्ती बरोबर असती तर खुंटी कुठेही ठोकून उत्तर तेच यायला हवं होतं.

बाहेर तो फोनवर आईला सांगत होता, "हो, हो, दोघांचंच यश." मग दारात आला.

"काय गं, बसतंय ना सगळं?"

तिने कागद उलटा केला.

"आज भांडी तुझ्या नावावर," ती म्हणाली.

सोमवारी तो रुजू होणार आहे. समितीने दुरुस्त सिद्धता त्याच दिवशी लेखी मागितली आहे, आणि ती लिहायला त्याने तिलाच सांगितलं आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत तिने काही लिहिलेलं नाही. खुंटी टिकत नाही, हे त्याला सांगितलेलंही नाही.