काकांचा हातगुण

काचेच्या बरणीभोवती आम्ही नऊ जण श्वास रोखून उभे होतो. काकांनी झाकण उघडलं, वाकून आत पाहिलं, बरणीच्या तोंडावरून तीनदा हात फिरवला आणि पुटपुटले, "ये बाळा, ये." तासाभरात तळाशी साखरेच्या दाण्याएवढा स्फटिक चमकू लागला. टाळ्या पडल्या. त्यांत माझीही होती, हे आधीच सांगून टाकतो.

हा कुण्या बुवाचा मठ नव्हता. ही प्रयोगशाळा होती आणि मी तिचा प्रमुख. आम्ही सेंद्रिय स्फटिक वाढवतो. अदृश्य किरण आदळला की असा स्फटिक क्षणभर निळसर चमकतो आणि त्या चमकेवरून किरणोत्सर्ग मोजता येतो. द्रावण हळूहळू थंड करायचं आणि पहिला दाणा कधी धरतो याची वाट पाहायची. पुढे त्याच दाण्यावर मोठा स्फटिक वाढवायचा. दाणा धरला तर धरला, नाहीतर आठवडाभर नितळ द्रावणाकडे बघत बसा. पण आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, म्हणजे काका, यांनी झाकण उघडलं की दाणा हमखास धरायचा. द्रावणाला माणूस कळतो, मन निर्मळ लागतं, असं ते सांगायचे. आम्ही पीएचडीवाले हसायचो आणि पुढची बरणीही मुकाट्याने त्यांच्याच पुढे सरकवायचो. काकांना हातगुण आहे, एवढं बोलून विषय संपायचा.

मग नवी तंत्रज्ञ आली. सहा महिन्यांची उमेदवारी, पदरी लहान मुलगी, घरात कमावणारी ती एकटी. तिच्या नोंदी चोख, अक्षर मोत्यासारखं. पण तिने उघडलेल्या एकाही बरणीत दाणा धरेना. अशा अकरा बरण्या गेल्या. चहाच्या वेळी कुणीतरी तिला पांढऱ्या पायाची म्हणालं आणि पायांत पांढरे कापडी मोजे चढवून हिंडणारे आम्ही सगळे खो खो हसलो. काका बरणी उघडत असले की तिला बाहेर थांबवायचं, असंही ठरलं. ते तिला सांगितलं मी. रविवारी शाळाशाळांतून बुवाबाजीवर भाषणं देणारा मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सहा महिने भरत आले. 'या कामास अनुरूप नाही,' असं मी अहवालात लिहिलं, सही ठोकली आणि तिला बोलावलं. तिने वाचून कागद टेबलावर ठेवला.

"सर, खरं कारण लिहा ना."

"हेच कारण आहे."

"नाही. हिच्या हाताला यश नाही, असं लिहा. लिहाल?"

मी पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि पुन्हा बंद केलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त एक दिवस मागितला, सहा बरण्या मागितल्या आणि सगळ्यांनी हजर राहावं असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने एकाच द्रावणाच्या सहा बरण्या सारख्या तापमानाला मांडल्या. काकांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि धुतलेला कोट दिला. काकांचा कोट स्वतः चढवला. त्याच्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. तीन बरण्या काकांनी उघडल्या, हात फिरवला, बाळालाही बोलावलं. उरलेल्या तीन तिने उघडल्या. हात तसाच फिरवला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

दुपारपर्यंत तिच्या तिन्ही बरण्यांत दाणे धरले होते. काकांच्या तिन्ही नितळ.

तिने खोलीतले दिवे बंद केले आणि स्फटिक तपासायचा अतिनील दिवा कोटाच्या बाहीवर धरला. बाही निळ्या ठिपक्यांनी भरून गेली.

"मला बाहेर उभं करायचात ना, तेव्हा तुम्ही हा दिवा लावलात की दाराच्या काचेतून काकांच्या बाहीवर दिसायचं हे," ती म्हणाली.

काका रोज सकाळी फुटके स्फटिक खलात कुटायचे आणि कोट महिनोन्महिने धुवायचे नाहीत. वाकले की बाहीवरची पूड द्रावणात पडायची. त्या पुडीचा एवढासा कण बीज म्हणून पुरतो. त्याच्यावर थरावर थर बसतात आणि दाणा दिसू लागतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्हीच शिकवतो. ती मात्र रोज धुतलेला कोट घालून यायची, कारण तसा नियम दारावर लावलेला होता. त्याखाली सही माझी होती.

काका स्टुलावर बसले. "मला खरंच वाटायचं गं," एवढंच म्हणाले.

मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. अहवाल फाडायला घेतला, तर तिने हात धरला. "फाडू नका, सर. त्याच्याखालीच लिहा."

मी लिहिलं: 'वरील मत मी अंधश्रद्धेपोटी दिले होते. यांना कायम करावे.' आयुष्यात इतकी जड सही मी केलेली नाही.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो, बुवा फक्त मठातच भेटतो असं समजू नका, आणि कागदावर लिहायची लाज वाटेल अशा कारणावरून कुणाला दाराबाहेर उभं करू नका. आधी तपासून पाहा. आम्हाला तपासायला अर्धा दिवस लागला, आणि सहा महिन्यांत ते आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.