एका रोग्याला दोन पास

“आई, तू फोटोत येऊ नकोस. तुझं आत्ता ऑपरेशन चाललंय.”

माझी बारा वर्षांची मुलगी मनोऱ्याच्या कठड्याला पाठ टेकून उभी होती. तिच्या स्वरात टोमणा नव्हता, नुसती आठवण करून देणे होते. खाली उन्हात ते शहर पसरले होते, जे आम्ही आजवर कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर पाहिले होते. नदी, तिच्यावरचे सात पूल, राजवाड्याचे हिरवट पडलेले घुमट. सारे चित्रातल्यासारखेच होते. खोटी होते ती मी.

“ये गं,” नवरा म्हणाला. “तो काय इथे बघायला येतोय?”

“मामा फोनमधले सगळे फोटो बघतो, बाबा. पहिल्यापासून. एकही सोडत नाही.”

“मग नंतर पुसून टाकू.”

“मग काढायचा कशाला?”

“पोरगी तुझ्यावर गेलीय,” नवरा मला म्हणाला आणि हसला. मला हसू आले नाही. फोटो शेवटी दोघांचाच निघाला. तो मी काढला.

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. वय एकोणपन्नास. त्याची समज नवव्या वर्षाच्या आसपास थांबली, असे डॉक्टर सांगत आले. मला ते कधीच पुरते पटलेले नाही. आईवडील गेल्यापासून तो आमच्याकडे असतो असे लोक म्हणतात. खरे तर घर त्यांचे, तेव्हा आम्हीच त्याच्याकडे असतो. सव्वीस वर्षे तो गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतो आहे. त्याच्या घडीचे कोपरे असे जुळतात की मुकादमबाई नव्या बायकांना त्याच्या टेबलाशी आणून उभे करतात. त्याने कधी खाडा केला नाही. आणि त्याला खोटे बोलता येत नाही. बोलायचे नाही असा काही त्याचा बाणा नव्हे; एखाद्याला शीळ घालता येऊ नये, तसे त्याला ते जमतच नाही.

मला जमते. मी शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिते. ‘वरील मजकूर खरा आहे’ या ओळीखाली दिवसातून पंधरा-वीस वेळा माझी सही होते.

फिरायला जातो म्हटले असते, तर दादा चपला घालून आमच्या आधी दारात उभा राहिला असता. म्हणून ऑपरेशन.

“पोटात एक गाठ आहे,” मी त्याला सांगितले होते. “मोठ्या शहरात जाऊन काढावी लागेल.”

“मी पण येतो.”

“एका रोग्याला दोनच पास मिळतात, दादा.”

त्याने मान हलवली. एक पास नवऱ्याला, एक मुलीला. दवाखान्याचे नियम त्याला माझ्याहून अधिक ठाऊक, आणि नियमाशी तो वाद घालत नाही. हे मला माहीत होते. नेमके तेच मी वापरले.

कारण सांगायचे तर ते तीन वर्षांपूर्वीचे. एका मोठ्या दुकानातल्या सरकत्या जिन्यावर दादा अर्ध्यात खाली बसला, दोन्ही हातांनी पायरी धरून. मागची माणसे एकमेकांवर आली, कुणी ओरडले, कुणी हसले, शेवटी जिना बंद करावा लागला. “हे तुमच्याबरोबर आहेत का?” पहारेकऱ्याने मला विचारले. मी हो म्हणाले. पण लगेच नव्हे. त्या ‘हो’च्या आधी एक श्वास गेला, आणि तेवढा श्वासभर मी त्याची कोणीही नव्हते. पुढच्या तीन वर्षांत तो श्वास आतल्या आत वाढत गेला, आणि आता त्याची चार दिवसांची सहल झाली होती.

संध्याकाळी सहाला, ठरल्याप्रमाणे, मी हॉटेलच्या खोलीतून घरी फोन लावला. शेजारच्या काकूंनी तो दादाच्या हातात दिला.

“छोटे, झालं ऑपरेशन?”

“झालं, दादा.”

“दुखतं?”

“थोडंसं.”

“चादर कुठल्या रंगाची आहे?”

मी ज्या पलंगावर बसले होते, त्याच्याकडे पाहिले. “पांढरी.”

नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

“ऑपरेशनवाल्यांना हिरवी असते,” दादा म्हणाला.

आता पकडले जाणे किती सोपे होते! मनातून मी त्याची वाटही पाहत होते.

“पण मोठं शहर आहे,” तोच म्हणाला. “तिथे पांढरी देत असतील. उद्या मुकादमबाईंना सांगतो.”

“जेवलास का तू?”

“नाही. ऑपरेशन असलं की जेवायचं नसतं.”

“अरे वेड्या, ते मी नाही जेवायचं!”

“तू एकटीनं कशाला उपाशी राहायचं?”

मग काकू फोनवर आल्या. त्या आवाज खाली आणून बोलत होत्या. “नुसत्या दुधावर आहे गं. मी सांगून दमले. मला तुझ्या भानगडीत घातलंस ते घातलंस. पण त्याच्याकडे बघवत नाही.”

मी फोन ठेवला तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“उद्या सांगून टाक त्याला,” नवरा म्हणाला.

“फोनवर?”

“मग घरी गेल्यावर सांग.”

“आणि मधले दोन दिवस?”

त्याने खिडकीबाहेर पाहिले. पुलावरचे दिवे लागत होते. “आता आलोच आहोत, तर बघू या गं,” तो हळूच म्हणाला. त्याचेही चुकत नव्हते. अकरा वर्षांत आमची ही पहिलीच सहल होती.

मग आम्ही बघितले. राजवाडा बघितला, संग्रहालय बघितले, नदीतून होडीने फिरलो. जे जे सुंदर दिसे, ते दिसताक्षणी माझ्या हातात पुराव्यासारखे येई. राजवाड्यात राणीचे शयनगृह दोरी बांधून राखले होते. लोक छताकडे माना करून उभे होते. मी पलंगावरच्या चादरीकडे पाहत राहिले. पायथ्याचा कोपरा तिरका खोचलेला होता. दादाने नाक मुरडले असते, आणि मार्गदर्शकाला न विचारता दोरीखालून आत गेला असता. साऱ्या दालनाने वळून पाहिले असते. पाहू दे की, असे मला तिथे प्रथमच वाटले. पण ज्याच्यासाठी वाटायचे, तो दुधाच्या पेल्यावर होता.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोहोचलो. दादा फाटकात उभा होता. चार दिवसांत त्याचा सदरा खांद्यावर सैल झाला होता. त्याने आधी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

“उचलायचं नाही. टाके तुटतात.”

आतल्या खोलीत त्याने माझा पलंग भिंतीपासून ओढून मोकळा केला होता, दोन्ही बाजूंनी माणसाला फिरता यावे म्हणून. उशाशी स्टूल, स्टुलावर झाकलेले पाणी, खाली बादली.

“झोप,” तो म्हणाला.

प्रवासाच्या कपड्यांनिशी मी आडवी झाले. नवरा दारातूनच मागे वळला. मुलगी मात्र उंबऱ्यावर थांबली, माझ्याकडे पाहत. त्या नजरेसमोर मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

दादाने माझ्या कपाळावर हात ठेवला. मग नाकाला बोट लावले. “साल निघालीय. दवाखान्यात ऊन येतं?”

“दादा,” मी उठून बसले. “मला काही झालेलं नाही. ऑपरेशन झालंच नाही.”

“गाठ?”

“गाठ नव्हतीच.”

“म्हणजे दुखत नाही?”

“नाही.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही, दादा.”

तो खाली बसला, जमिनीवरच, आणि दोन्ही तळवे तोंडावर घेऊन रडला. मला वाटले, आपल्याला फसवले म्हणून तो रडतो आहे. त्याने तोंडावरचे हात काढले, तेव्हा दिसले की तो हसतही होता. चार दिवस जी भीती त्याने दुधाबरोबर गिळली, ती त्याच्या चेहऱ्यावरून उतरत होती. त्याने मला शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या पदर पसरून घेतल्या असत्या. या आनंदाखाली मात्र मला तोंड लपवायला जागा नव्हती.

“मग होतीस कुठे?” डोळे पुसत त्याने विचारले.

“शहर बघायला गेलो होतो. आम्ही तिघं.”

तो विचार करू लागला. विचार करताना तो अंगठ्याच्या नखाने सदऱ्याची शिवण सरळ करीत जातो, तशी त्याने ती तळापर्यंत केली.

“तिथे सरकता जिना होता?”

“होता.”

“मग बरोबर आहे,” दादा म्हणाला.

त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. बरोबर नाही, मुळीच बरोबर नाही, हे मला मोठ्याने म्हणायचे होते. पण तो उठून स्वयंपाकघराकडे गेलाही होता. “भूक लागली,” मी ऐकले. मुलीने त्याला वाढले. तो पाच पोळ्या जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला निघताना दारात अडखळला.

“मुकादमबाई विचारतील. सगळ्या विचारतील. मी सगळ्यांना ऑपरेशन सांगितलंय. एकीनं तर तुझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी दिलीय.”

“खरं ते सांग, दादा. छोटीनं फसवलं म्हण.”

“मग त्या तुला वाईट म्हणतील.”

“म्हणू देत.”

त्याने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा शिवण, पुन्हा तो अंगठा. मी थांबले. मला घाई करण्याचा अधिकार उरलेला नव्हता.

“‘बरी आहे’ म्हणतो,” शेवटी तो म्हणाला. “एवढंच म्हणतो. तू बरी आहेस ना?”

“आहे.”

“मग ते खोटं नाही.”

आणि तो गेला. मी खिडकीशी उभी राहिले. रस्त्यावरून जाताना त्याचे ओठ हलत होते. तो ते दोन शब्द घोकत होता. कोपऱ्यावर धुलाईघरातल्या दोन बायका त्याला भेटल्या. एकीने काही विचारले. तो बोलला, अगदी थोडे. दुसरी बोलता बोलता आमच्या घराकडे वळून पाहणार, इतक्यात दादाने तिच्या खांद्यावरून मला पाहिले, आणि कमरेशी धरलेला हात, कुणाला दिसू नये असा, दोनदा हलवला : आत जा.

मी आत झाले.